इतकी माणसं बघत होती, मग पैसे गेले कुठे?

हा प्रश्न माझ्या भाचीचा. फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या फाटकाबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा तिने विचारला. पत्रकारिता ती तिथेच शिकली आणि मग बाणेरमधल्या एका छोट्या व्हिडिओ कंपनीत १४ महिने नोकरी केली. पाककृती, सणवार, पेठांमधल्या जुन्या दुकानांच्या गोष्टी, सगळं मराठीत. एकेका व्हिडिओला चार-चार लाख लोक यायचे. एका सोमवारी सकाळी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि कंपनी बंद होते आहे असं सांगितलं. दोन महिन्यांचा पगार अजून यायचा आहे.

"पगाराचं मी बघेन गं मावशी," ती म्हणाली, "पण चार लाख माणसं बघत होती ना? मग पैसे गेले कुठे?"

मी एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात २२ वर्षं काढली. आरओ, म्हणजे जाहिरात छापायची लेखी ऑर्डर, आणायची, दर ठरवायचे, दिवाळी उलटली की वसुलीसाठी लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवायच्या. त्यामुळे वाचक भरपूर आणि गल्ला रिकामा हे कोडं मला नवं नव्हतं. पण रिक्षा येईपर्यंत सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून नीट बसून लिहिते आहे. उदाहरण घेते बझफीड या अमेरिकन संकेतस्थळाचं. ती कंपनी पुढे शेअर बाजारात गेली आणि तिचे हिशोब सगळ्यांसमोर आले. बाणेरच्या कंपनीचे हिशोब कोणी कधी बघणार नाही. दुखणं मात्र एकच आहे.

बझफीड २००६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. ते सुरू करणारे जोना पेरेटी त्याआधी 'हफिंग्टन पोस्ट' या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता: एखादी गोष्ट वाचली की माणूस ती दुसऱ्याला का पाठवतो? उत्तर असं निघालं की माणूस सगळ्यात जास्त पाठवतो ते स्वतःची ओळख सांगणारं. 'सदाशिव पेठेत वाढलेल्यांनाच कळतील अशा २३ गोष्टी' असा लेख कोणी काढला तर पेठेतून अमेरिकेला गेलेला मुलगासुद्धा तो आपल्या चुलतभावंडांना पाठवेल. बझफीडने अशा याद्या, प्रश्नमंजूषा आणि फोटोंचा धडाका लावला. वाचकाला ओळखण्याची ही कला आमच्या धंद्यात फार थोड्यांना साधली आहे, आणि मी ती कमी लेखणार नाही.

२६ फेब्रुवारी २०१५ ची रात्र अनेकांना आठवत असेल. एका पोशाखाचा फोटो फिरत होता. कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी. बझफीडने त्यावर एक छोटं पान टाकलं आणि एका क्षणी साडेसहा लाखांहून जास्त माणसं ते एकच पान उघडून बसली होती. आमच्या ऑफिसातही दुसऱ्या दिवशी डेस्कवरच्या लोकांची त्यावरून जुंपली. त्याच वर्षी त्यांनी 'टेस्टी' नावाने पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले: कॅमेरा वरून, दिसतात फक्त हात, आणि मिनिटभरात पदार्थ तयार. भाचीच्या कंपनीतली थालिपीठंही याच पद्धतीने चित्रित व्हायची.

आता पैशाकडे येऊ. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

वर्तमानपत्रात जाहिरातीची जागा चौरस सेंटिमीटरने विकतात. ती मोजकी असते. पाडव्याला पहिलं पान एकच, त्यावर पांघरायचं जॅकेटही एकच, आणि लक्ष्मी रस्त्यावर सराफ कितीतरी. एका सकाळी शहरातल्या एवढ्या घरांत पोचायचं तर त्या सराफापुढे दोन-तीनच दारं होती, आणि त्यातल्या एका दाराशी आम्ही बसलो होतो. दर आमच्या हातात होता तो या टंचाईमुळे. आमच्या बातम्या फार चांगल्या म्हणून सराफ पैसे देत होता, अशी समजूत आमच्यातल्या काहींची होती. माझी कधीच नव्हती.

इंटरनेटवर जागा संपतच नाही. तिथे जाहिरातीचा दर हजारावर ठरतो, म्हणजे ती हजार वेळा कोणाला तरी दिसली की इतके पैसे. रोज नवी कोट्यवधी पानं तयार होत असतील तर हा दर कुठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पण दर पडणं हे अर्धंच दुखणं. उरलेलं अर्धं असं, की सराफाला पेपर कधी हवाच नव्हता. त्याला हवी होती घरात लग्न ठरलेली कुटुंबं. ती नेमकी कुठे आहेत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो सगळ्या शहराला ऐकू जाईल असं ओरडायचा आणि त्या ओरडण्याचं भाडं आम्हाला द्यायचा. फेसबुक आणि गुगलने त्याला ती कुटुंबंच दाखवली.

साधारण २०१६ ची गोष्ट. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे मी दिवाळी पुरवणीच्या आरओसाठी गेले. गल्ल्यावर आता त्यांचा मुलगा बसत होता. त्याने मला मोबाइलवर दाखवलं: वय निवडायचं, परिसर निवडायचा, आवडीनिवडी निवडायच्या, हजार रुपये भरायचे आणि जाहिरात सुरू. मुलगा अदबीने बोलला, चहा मागवला, आणि म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे मला कोणी पाहिलं ते कळत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेत त्या सुमारास इंटरनेटवरच्या जाहिरातींचे निम्म्याहून जास्त पैसे याच दोन कंपन्यांकडे जात होते. बातमी कोणीही लिहो, व्हिडिओ कोणीही बनवो.

पेरेटींना हे बऱ्याच आधी दिसलं होतं. म्हणून त्यांनी सुरुवातीची कित्येक वर्षं पानाच्या कडेला लुकलुकणाऱ्या पट्ट्या घेतल्याच नाहीत. त्याऐवजी बझफीडची माणसं जाहिरातदारासाठी बझफीडच्याच धाटणीचा लेख किंवा व्हिडिओ बनवून द्यायची. त्याला दरही चांगला मिळे. अडचण एवढीच की हे काम शिंप्याच्या दुकानासारखं आहे. प्रत्येकाचं माप वेगळं, प्रत्येकाची शिलाई वेगळी. गिऱ्हाइकं दुप्पट झाली की कारागीरही दुप्पट ठेवावे लागतात, आणि नफा होता तिथेच राहतो. धंदा म्हणून यात काही गैर नाही, शिंपी पिढ्यान् पिढ्या घर चालवतात. पण बझफीडला शिंप्याच्या दुकानाचा भाव लागला नव्हता. तिला सॉफ्टवेअर कंपनीचा भाव लागला होता.

२०१४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या आंद्रीसन हॉरोविट्झ या गुंतवणूक कंपनीने बझफीडमध्ये ५ कोटी डॉलर घातले. मग एनबीसी युनिव्हर्सल या बड्या टीव्ही कंपनीने २०१५ मध्ये २० कोटी आणि २०१६ मध्ये आणखी २० कोटी. तोवर कंपनीची किंमत १७० कोटी डॉलर धरली जात होती. हा 'किंमत' शब्द फसवा आहे. समजा आमच्या सोसायटीतल्या ४० फ्लॅटांपैकी एक कोणीतरी २ कोटी रुपयांना घेतला. लगेच गच्चीवरच्या गप्पांत सोसायटी ८० कोटींची होते. ते ८० कोटी कोणाच्याच खात्यात आलेले नसतात. बाकीचे ३९ फ्लॅट उद्या एकदम विकायला काढले तर त्याच भावाने जातील का, हे कोणी तपासलेलं नसतं. कंपनीची किंमतही अशीच निघते: एका छोट्या हिश्शाचा भाव घ्यायचा आणि त्याने सगळ्याला गुणायचं. त्यात अशा गुंतवणूकदारांच्या करारात बहुधा एक कलम असतं की कंपनी विकली तर आधी त्यांचे पैसे परत, मग इतरांचे. पहिला हात आपला आहे हे माहीत असलं की भाव चढवायला माणूस कचरत नाही. कर्मचाऱ्यांना पगाराच्या जोडीला जे शेअर मिळतात ते या रांगेत शेवटी उभे असतात.

सॉफ्टवेअर आणि लेख यातला फरक हिंजवडीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. एकदा लिहिलेला प्रोग्राम दहा जणांना विकला काय किंवा दहा लाखांना, जवळपास तेवढ्याच खर्चात होतो. लेखाचं तसं नाही. आजचा लेख उद्या शिळा, आणि उद्याचा कोणीतरी उद्या सकाळी उठून लिहायचा असतो. गुंतवणूकदारांनी हे बघितलं नाही असं मी म्हणणार नाही, हुशार लोक असतात ते. त्यांनी वाचकांचा वाढता आलेख बघितला आणि पैसा मागून येईल असं धरलं. त्यांच्या निधीला मुदत असते, साधारण दहा वर्षांची. तेवढ्यात पैसे कित्येक पट झाले पाहिजेत. वर्षाला आठ-दहा टक्के वाढणारा, शे-दीडशे माणसांचं नीट पोट भरणारा धंदा त्यांच्या कामाचा नाही. म्हणजे वर्तमानपत्राच्या मालकाला जे पुरलं असतं, ते इथे अपयश ठरत होतं.

आता त्या वाढत्या आलेखाबद्दल. वाचक येत कुठून होते?

बझफीडचं नाव टाइप करून बझफीडच्या पानावर जाणारे होते, पण लोंढा होता तो फेसबुकमधून. आणि फेसबुकवर कोणाला काय दिसावं हे फेसबुक ठरवतं. कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम चालू होतं ती वर्षं आठवा. दुकान तेच, माल तोच, मालकही तोच. समोर पत्रे लागले आणि गिऱ्हाईक दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलं. तरी तो रस्ता सार्वजनिक होता, पत्रे कधीतरी निघणार हे ठाऊक होतं, नगरसेवकाला गाठता येत होतं. फेसबुकचा रस्ता खासगी आहे. तो कधी, कुठे वळवायचा हे मालकाच्या मर्जीवर, आणि कारण सांगायचं बंधन नाही.

तरीही मे २०१५ मध्ये फेसबुकने लेख आपल्याच आवारात, झटपट उघडतील असे छापायची सोय काढली तेव्हा पहिल्या नऊ प्रकाशनांत बझफीड होतं. न्यूयॉर्क टाइम्सही होता. पुढच्या वर्षी फेसबुकला थेट प्रक्षेपणाचं वेड लागलं. एप्रिल २०१६ मध्ये बझफीडच्या दोघांनी एका कलिंगडाला एकेक रबर बँड चढवत नेला, ते फुटेपर्यंत. पाऊण तास चाललेला हा प्रकार एका क्षणी आठ लाखांहून जास्त लोक एकाच वेळी बघत होते. मीही तो नंतर पाहिला आणि शेवटपर्यंत पाहिला. अशी थेट प्रक्षेपणं करावीत म्हणून फेसबुक त्या वर्षी माध्यमांना पैसे देत होतं. बझफीडच्या वाट्याला सुमारे ३० लाख डॉलर आले. ज्याच्या रस्त्यावर दुकान, तोच आता काही महिने गल्ल्यातही भर घालत होता. अशा वेळी स्वतःची वाट बांधायचं कोणाला सुचेल?

मग आकड्यांचीच भानगड निघाली. हे प्रकरण समजायला सोपं आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून सविस्तर सांगते. समजा १०० जणांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ सुरू झाला. ४० जणांनी तीन सेकंद व्हायच्या आतच बोटाने वर सरकवला. उरलेल्या ६० जणांनी मिळून तो १,२०० सेकंद पाहिला. सरासरी किती? १०० ने भागलं तर १२ सेकंद. पण सरकवून गेलेल्यांना मोजलंच नाही आणि ६० ने भागलं, तर २० सेकंद. फेसबुक दोन वर्षं या दुसऱ्या पद्धतीने भागत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये हे बाहेर आलं, आणि सरासरी ६० ते ८० टक्के फुगवून सांगितली गेल्याचं जाहिरात एजन्सीला कळवण्यात आलं. जाहिरातदार कोर्टात गेले. चूक कबूल न करता फेसबुकने २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटवलं.

आमच्याकडे खपाचा आकडा फुगवला तर निदान रद्दीवाल्याच्या काट्यावर तो उघडा पडायचा. इथे काटा आणि माल एकाच मालकाचा होता. आणि त्या काट्याकडे बघून माध्यमांनी माणसं काढली. 'लोक वाचत नाहीत, बघतात' हे ब्रीद झालं. लिहिणारे गेले, चित्रीकरण करणारे आले. 'मिक' नावाच्या न्यूयॉर्कच्या एका कंपनीने २०१७ मध्ये हेच केलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळपास सगळ्या संपादकीय विभागाला घरी पाठवून ती सुमारे ५० लाख डॉलरला विकली गेली. तिच्यात त्याआधी सुमारे ६ कोटी डॉलर ओतले गेले होते.

जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे लोकांना मित्र आणि नातेवाइकांच्या गोष्टी जास्त दिसतील, माध्यमांच्या आणि कंपन्यांच्या कमी. रस्त्यावर पत्रे लागले ते असे. बझफीडने २०१७ मध्ये उत्पन्नाचं लक्ष्य आधीच चुकवलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी १५ टक्के माणसं कमी केली, म्हणजे दोनशेच्या आसपास.

अशा वेळी घर चालवणारी बाई काय करेल? खर्च आवरेल, देणी देईल, आहे त्यात टिकायचं बघेल. बझफीडला ती मुभा नव्हती. गुंतवणूकदारांची दहा वर्षं भरत आली होती आणि त्यांना बाहेर पडायला दार हवं होतं. मग कंपनीने दुसऱ्या कंपन्या घेऊन मोठं व्हायचं ठरवलं. पेरेटींचीच जुनी 'हफिंग्टन पोस्ट', जिचं नाव आता हफपोस्ट होतं, तिचा व्यवहार नोव्हेंबर २०२० मध्ये ठरला. त्यानंतर 'कॉम्प्लेक्स' नावाची कंपनी ३० कोटी डॉलरला घ्यायचं ठरलं. एवढे पैसे आणायचे कुठून? शेअर बाजारातून.

नेहमीचा आयपीओ त्यांनी काढला नाही. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत एका आडवाटेची चलती होती. आधी एक रिकामी कंपनी बाजारात आणायची. तिच्याकडे धंदा काहीच नाही, फक्त लोकांकडून गोळा केलेले पैसे. दोन वर्षांच्या आत ती एखाद्या खऱ्या कंपनीत विलीन होते आणि खरी कंपनी आपोआप बाजारात येते. पैसे लावणाऱ्यांना एक हक्क असतो: निवडलेली कंपनी पसंत पडली नाही तर विलीनीकरणाआधी पैसे परत. वाकडला फ्लॅट बुक करताना टोकन देतो आणि करारनामा व्हायच्या आत मन बदललं तर परत मागतो, तसंच.

रिकाम्या कंपनीत २८ कोटी ७५ लाख डॉलर जमले होते. बझफीडचं नाव निश्चित झालं, तारीख जवळ आली, आणि ९४ टक्के पैसे परत मागितले गेले. उरले १ कोटी ६० लाख. कॉम्प्लेक्सची किंमत तर द्यायचीच होती. त्यासाठी १५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं होतं. ६ डिसेंबर २०२१ रोजी शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ११ टक्के खाली बंद झाला. त्या दिवशी कितीतरी आजी-माजी कर्मचाऱ्यांना आपले शेअर विकताच आले नाहीत. कागदपत्रांच्या घोळामुळे ते अडकून पडले, आणि पुढे त्यातल्या अनेकांनी दाद मागितली. कमी पगारावर, शेअरच्या आशेवर वर्षानुवर्षं राबलेली माणसं होती ती. मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त वाईट त्यांचं वाटतं. १० डॉलरच्या आसपास सुरू झालेला शेअर २०२३ मध्ये एका डॉलरच्या खाली गेला.

२०२२ मध्ये उत्पन्न होतं सुमारे ४४ कोटी डॉलर आणि तोटा २० कोटी. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने प्रश्नमंजूषा वगैरेंसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार असं सांगितलं, आणि एका दिवसात शेअरचा भाव दुपटीहून वर गेला. तीन महिन्यांत, २० एप्रिल २०२३ ला, बझफीड न्यूज हा बातम्यांचा विभाग बंद करत असल्याची घोषणा झाली.

भाचीला हे सगळ्यात जास्त लागलं होतं, कारण वर्गात त्यांना या विभागाची चीनमधल्या शिनजियांग प्रांतावरची शोधमालिका शिकवली होती. चीनच्या बायडू या नकाशासेवेत शिनजियांगमधल्या काही जागा उघडल्या की नुसते रिकामे चौकोन दिसत. ते मुद्दाम झाकले असावेत हे ओळखून मेघा राजगोपालन, वास्तुविशारद ॲलिसन किलिंग आणि प्रोग्रामर ख्रिस्टो बुशेक यांनी त्याच जागा दुसऱ्या उपग्रहचित्रांत शोधल्या. २६० हून जास्त बंदिस्त, तटबंदी असलेल्या इमारती सापडल्या, जिथे उईगुर आणि इतर मुस्लिमांना डांबून ठेवलं जात होतं. वार्ताहराला जिथे पाऊल ठेवता येत नाही तिथली बातमी, नकाशातल्या भोकांवरून. २०२१ मध्ये तिला पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी विभागच राहिला नाही.

पुरस्कार मिळालेली बातमी तोट्यात का असते? जाहिरात विभागातून याचं उत्तर स्वच्छ दिसतं. कोणता साबणवाला छावण्यांच्या बातमीशेजारी आपलं नाव घालेल? आमच्याकडेही घातलं नसतं. पण आमच्याकडे अंक होता. अंक ही एक मोट आहे. गडचिरोलीची बातमी पान एकवर, पैठण्यांची जाहिरात पान तीनवर, छोट्या जाहिराती आत, शब्दकोडं शेवटी, आणि सगळ्याचं मिळून एकच बिल. स्थळं बघायला पेपर घेणारा माणूस नकळत गडचिरोलीच्या वार्ताहराचा एसटीचा खर्च भरायचा. इंटरनेटने ही मोट सोडली. प्रत्येक बातमी सुटी झाली आणि तिला एकटीने कमवायला सांगितलं. बझफीडने काही वर्षं मांजरांच्या फोटोंच्या कमाईवर बातम्या पोसल्या, तीही एक मोटच होती. मांजरांची कमाई आटली तेव्हा आधी बातम्या गेल्या. पेरेटींनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की आपल्याला या कामाचं प्रेम होतं म्हणून आपण त्यात गरजेपेक्षा जास्त पैसे घातले, आणि मोठे प्लॅटफॉर्म चांगल्या पत्रकारितेला वाचक किंवा पैसा देणार नाहीत हे मान्य करायला आपण उशीर केला. त्या प्रेमावर माझा विश्वास बसतो.

बझफीड एकटं नव्हतं. १९९४ मध्ये मॉन्ट्रिअलला मासिक म्हणून निघालेल्या 'व्हाइस'ची किंमत २०१७ मध्ये ५७० कोटी डॉलर धरली होती. मे २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, ३५ कोटींना ती तिच्या सावकारांकडे गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या संकेतस्थळावर नवं काही छापणं थांबलं. आपल्याकडे हफपोस्टची भारतीय आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पडली, ती वेगळ्या कारणाने: डिजिटल बातम्यांत परदेशी मालकी २६ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम इथे आला होता, त्यामुळे बझफीडला ती घेताच आली नाही. आणि ३० कोटींना घेतलेलं कॉम्प्लेक्स बझफीडने २०२४ मध्ये १० कोटी ८६ लाखांना विकून टाकलं, कर्ज फेडायला.

तर आता भाचीचा प्रश्न. चार लाख माणसं बघत होती, मग पैसे कुठे गेले?

पैसे आले होते, पण तिच्या कंपनीत नाही. त्या चार लाखांच्या मोबाइलवर त्या दिवशी ज्या जाहिराती दिसल्या, त्यांचे पैसे ज्याच्या आवारात व्हिडिओ दिसला त्याच्याकडे गेले. त्यातला एक लहान वाटा कंपनीला मिळाला. तिचा पगार त्या वाट्यातून निघत नव्हता. तो निघत होता एका गुंतवणूकदाराने सुरुवातीला दिलेल्या रकमेतून, आणि ती संपली त्या सोमवारी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मधल्या काळात आलेख वर जात होता, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की कंपनी चालली आहे.

"आणि बघणारे?" तिने विचारलं. हे आमचं बोलणं नंतरचं, माझ्या घरी, स्वयंपाकघरात.

मी तिला उलट विचारलं की त्या चार लाखांपैकी कितीजणांचे पत्ते, फोन, ईमेल तुमच्याकडे होते? एकाचाही नाही, ती म्हणाली. ते सगळे फेसबुक आणि यूट्यूबच्या वहीत. मग मी तिला आमच्या ऑफिसची सकाळ सांगितली. पाऊस फार झाला किंवा पेपर टाकणारा पोरगा तापाने पडला की साडेसातला वितरण विभागाचा फोन वाजायला लागायचा. नारायण पेठेतून एक निवृत्त मास्तर तर घड्याळ लावून फोन करायचे आणि चांगलं सुनवायचे. त्या शिव्यांवर आमचे पगार होते. ज्या गावात १८८१ पासून 'केसरी' आणि १९३२ पासून 'सकाळ' वाचले गेले, तिथे वाचक हा शब्द आम्ही वर्गणी भरणारा आणि पेपर आला नाही तर भांडणारा माणूस या अर्थानेच वापरत होतो. नंतर तोच शब्द आम्ही अंगठ्याने पान वर सरकवणाऱ्यालाही लावला, आणि दोघांची बेरीज करून जाहिरातदाराला दाखवली. मीही दाखवली आहे.

पुढच्या आठवड्यात तिची एका ठिकाणी मुलाखत आहे. तिने कागदावर तीन प्रश्न लिहून घेतले: आपणहून येणारे किती, पैसे देणारे किती, आणि माझा पगार यापैकी कशातून येणार?

"कंपनी बंद झाल्यावर कोणी विचारलं का गं?" मी म्हटलं.

थोडा वेळ आठवून ती म्हणाली, एकाने. चिंचवडचे एक आजोबा, कुठूनतरी तिचा नंबर मिळवून. त्यांना उपासाच्या थालिपिठाचा तो व्हिडिओ सापडत नव्हता. बायको गेल्यापासून तो लावूनच ते एकादशीला थालिपीठ थापायचे. व्हिडिओ तिच्याकडेही उरला नव्हता. तिने कृती आठवून, मापांसकट टाइप केली आणि त्यांना पाठवली.